पकडलं, पुढे काय?

पेपरमधल्या छोट्या बातम्यांचा कॉलम रोज वाचत असाल तर एक वाक्य तुम्हाला पाठ असेल. ‘नागरिकांनी चोरट्याला चोप देऊन पोलिसांच्या ताब्यात दिले.’ गाव बदलतं, माल बदलतो, कधी मोबाइल असतो, कधी मंगळसूत्र, कधी दुचाकी. वाक्य मात्र तेच. इंटर्नशिपमध्ये अशा बातम्या कापून छोट्या करायचं काम माझ्याकडे येतं, त्यामुळे हे वाक्य आता बोटांना सवयीचं झालंय. पण नीट बघितलं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना खेटून बसल्यात. ‘पोलिसांच्या ताब्यात दिले’ हे कायद्याला धरून असू शकतं. ‘चोप देऊन’ हा गुन्हा आहे. एकाच वाक्यात, एकाच माणसाने केलेला.

वाचताना आपल्याला काही खटकत नाही. उलट ‘बरं झालं’ असंच वाटतं. लोकलमध्ये, गणपतीच्या गर्दीत, जत्रेत कुणी चोर सापडला की ‘पब्लिकने धुतला’ हे आपण कौतुकाने सांगतो. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर येतो आणि तिथून पुढे जातो. पण समजा, उद्या तुमच्यासमोर कुणी एकीच्या हातातला फोन हिसकावून पळाला, आणि तुम्ही धावत जाऊन त्याची कॉलर धरलीत. पुढच्या मिनिटाला काय करायचं? त्याला धरून ठेवायचा हक्क तुम्हाला आहे का? असला तर किती वेळ? त्याने उलट तुमच्यावरच तक्रार केली तर? हे प्रश्न कट्ट्यावर काढले की साधारण दोनच उत्तरं येतात. एक, ‘आपल्याला कसला अधिकार, ते पोलिसांचं काम.’ दोन, ‘चोर आहे ना, मग काय पण करा.’ कायदा उघडून बघितला तर दोन्ही उत्तरं चुकीची निघतात.

सव्वाशे वर्षांचा हक्क

हो, साधा माणूस अटक करू शकतो. १ जुलै २०२४ पासून देशात ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता’ लागू झाली. तिचं कलम ४० खासगी व्यक्तीने करायच्या अटकेबद्दल आहे. ही तरतूद काही नव्याने आणलेली नाही. आधीच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ४३ मध्ये होती आणि त्याच्याही आधी, इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत, कलम ५९ मध्ये. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनाही हा हक्क होता. फक्त तो कुणी शाळेत शिकवत नाही, त्यामुळे त्याच्या अटीही कुणाला माहीत नसतात.

अटी तीन आहेत, आणि तिन्ही एकत्र लागतात.

पहिली, गुन्हा तुमच्या उपस्थितीत घडलेला हवा. ‘वॉचमनने सांगितलं’, ‘ग्रुपवर फोटो आला होता’, ‘गेल्या आठवड्यात असाच एक जण फिरत होता’ हे काही चालत नाही. तुम्ही तिथे होतात आणि तुमच्यादेखत घडलं, तरच.

दुसरी, तो गुन्हा दखलपात्रही हवा आणि अजामीनपात्रही हवा. दोन्हींपैकी एक असून भागत नाही. याला एक अपवाद आहे. कोर्टाने रीतसर उद्घोषणा काढून ज्याला फरार जाहीर केलंय, अशा माणसाला गुन्हा समोर घडलेला नसतानाही पकडता येतं.

तिसरी, पकडलेल्या माणसाला विनाकारण उशीर न करता, आणि कुठल्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचं. पोलिस जवळपास नसतील तर जवळच्या पोलिस ठाण्यात न्यायचं. सहा तासांची ही मर्यादा नवीन आहे. जुन्या कायद्यात फक्त ‘विनाकारण उशीर न करता’ एवढंच होतं.

सहा तास म्हणजे सहा तास धरून ठेवायची मुभा, असा अर्थ काढू नका. सोसायटीत रात्री दोनला चोर सापडला आणि सेक्रेटरी काका म्हणाले, ‘आता कुठे पोलिसांना उठवता, सकाळी बघू,’ तर तो विनाकारण उशीर झाला. सकाळी आठनंतर तर सरळ मर्यादाच ओलांडली. पोलिसांनासुद्धा अटक केलेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आपल्याला त्याच्या पाव वेळ दिलाय, आणि तोही फक्त पोलिसांपर्यंत पोहोचण्यासाठी.

पुढचं पोलिस ठरवतात. त्यांना गुन्हा घडल्यासारखा वाटला तर ते त्याला ताब्यात घेतात. काहीच गुन्हा घडलेला दिसत नसेल तर त्याला लगेच सोडायचं, असंही याच कलमात लिहिलंय.

सगळेच गुन्हे ‘पकडण्या’चे नसतात

आता दुसऱ्या अटीकडे येऊ, कारण खरी गडबड तिथेच होते. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अजामीनपात्र म्हणजे ज्यात जामीन हा आरोपीचा हक्क नसतो, तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. कुठला गुन्हा कशात बसतो याचा लांबलचक तक्ता संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो वाचला की आपले बरेच अंदाज कोसळतात.

हातातला फोन किंवा गळ्यातली साखळी हिसकावणं हा नव्या ‘भारतीय न्याय संहिते’त कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. इथे पकडता येतं. साधी चोरी, म्हणजे गर्दीत खिशातून अलगद पाकीट काढणं वगैरे, कलम ३०३ मध्ये येते आणि तीही एरवी दखलपात्र, अजामीनपात्र आहे. पण वस्तूची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर तक्त्यात त्यासाठी वेगळी ओळ आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या आणि वस्तू किंवा तिची किंमत परत करणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा, आणि गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. म्हणजे सुपरमार्केटमधून २०० रुपयांचं चॉकलेट खिशात घालणाऱ्या शाळकरी पोराला गार्डने मागच्या खोलीत डांबलं, तर कलम ४० त्या गार्डच्या मदतीला येईलच असं नाही. युनिफॉर्म असला तरी मॉलचा गार्ड, सोसायटीचा वॉचमन आणि बाउन्सर हे कायद्याच्या नजरेत तुमच्याआमच्यासारखेच खासगी माणसं आहेत. आपली वस्तू वाचवण्याचा, परत घेण्याचा हक्क वेगळा, तो आहेच. अटकेचा हक्क वेगळा.

मुलींना रोज भेडसावणारी उदाहरणं घेऊ. बसमध्ये, लोकलमध्ये कुणी मुद्दाम अंगाला हात लावला तर तो कलम ७४ चा गुन्हा ठरू शकतो, म्हणजे विनयभंगाच्या हेतूने केलेला बळाचा वापर. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याला जागेवर धरून ठेवून पोलिसांकडे देता येतं. पण अश्लील कमेंट मारली तर कलम ७५ लागतं, आणि तो गुन्हा दखलपात्र असूनही जामीनपात्र आहे. पाठलाग करणं, कलम ७८, पहिल्या वेळेस जामीनपात्र. या दोन्हींत पोलिसांना बोलावता येतं, तक्रार करता येते, करायलाच हवी. पण ‘मी त्याला अटक केली’ असं म्हणता येत नाही. हे वाचून राग येईल, मलाही आला. मात्र कुणी अंगावर आला तर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करायला कुठल्याही तक्त्याची वाट बघावी लागत नाही. तो स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ पासून पुढे दिलेला आहे.

आणि अपघात? भरधाव गाडी चालवणं, निष्काळजीपणामुळे मृत्यू होणं, हे गुन्हे दखलपात्र आहेत पण जामीनपात्र. म्हणजे धडक देणाऱ्या ड्रायव्हरला घेराव घालणाऱ्या गर्दीकडे बहुतेक वेळा कलम ४० चा आधार नसतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तिथल्या लोकांनीच पकडून मारहाण केली आणि पोलिसांकडे दिलं. त्या प्रकरणात आधी निष्काळजीपणाचं जामीनपात्र कलम लागलं आणि मग सदोष मनुष्यवधाचं अजामीनपात्र कलम. पुस्तक समोर ठेवून बसलेल्या पोलिसांनाही जे एका झटक्यात ठरवता आलं नाही, ते रस्त्यावर रागाने थरथरणाऱ्या माणसाने दोन सेकंदात कसं ठरवायचं?

ड्रायव्हरला मारण्यात आणखी एक तोटा आहे, आणि तो जखमी माणसाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातानंतर ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात न्यायची व्यवस्था करायलाच हवी. त्यातून सुटका देणारी कारणं कायद्यातच लिहिली आहेत आणि त्यातलं पहिलं आहे, जमावाचा क्षोभ. गर्दीने हात उचलला की पळून जायला ड्रायव्हरला कायदेशीर सबब मिळते.

चुकून भलत्यालाच धरलं तर?

ही भीती सगळ्यांना असते आणि ती रास्त आहे. कायद्याने तिचा विचार केलाय. न्याय संहितेच्या कलम १७ खाली एक छोटं उदाहरण दिलंय. एका माणसाला दुसरा माणूस खून करताना दिसतो. खुन्याला जागेवर पकडायचा अधिकार सगळ्यांना आहे, म्हणून तो प्रामाणिकपणे त्याला धरतो आणि अधिकाऱ्यांकडे न्यायला निघतो. नंतर कळतं की त्या दुसऱ्याने स्वसंरक्षणासाठी वार केला होता. तरीही धरणाऱ्याने गुन्हा केला नाही, असं कायदा सांगतो.

दिलासा आहे, पण अर्धाच. हे संरक्षण प्रामाणिकपणे झालेल्या वस्तुस्थितीच्या चुकीला आहे, कायदा समजण्यातल्या चुकीला नाही. ‘त्याने फोन हिसकावला असं मला स्पष्ट दिसलं, पण फोन त्याचाच निघाला,’ ही एक गोष्ट. ‘कमेंट मारणाऱ्याला कोंडून ठेवता येतं असं मला वाटलं,’ ही दुसरी. दुसरीत कायदा माफ करत नाही. मग तुमच्यावर लागू शकणारी कलमं अशी: एखाद्याची वाट बेकायदा अडवणं, कलम १२६, एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेकायदा डांबून ठेवणं, कलम १२७, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बावीस-तेवीसच्या वयात पासपोर्ट, सरकारी नोकरीचा फॉर्म, पोलिस व्हेरिफिकेशन हे सगळं पुढ्यात असतं. तिथे ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का?’ हा रकाना असतो.

हात कुठवर न्यायचा

समजा तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. गुन्हा समोर घडला, कलमही बरोबर आहे, आणि माणूस तुमच्या हातात आहे. आता तुम्ही काय काय करू शकता?

तो हिसके देत असेल, पळायला बघत असेल तर त्याला धरून ठेवण्यापुरता जोर लावू शकता. कलम ४३ पोलिसांसारखीच ‘अन्य व्यक्ती’लाही ही मुभा देतं. पण कलम ४६ म्हणतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त बंधन घालायचं नाही. दोघांनी दंड पकडून बाकावर बसवणं यात बसतं. तो शांत बसलेला असताना विजेच्या खांबाला बांधून ठेवणं बसत नाही.

त्याच्याकडे चाकू, कोयता असलं काही असेल तर ते काढून घेऊ शकता. ते नंतर पोलिसांकडे द्यायचं. पण त्याचे खिसे, बॅग, मोबाइल तपासायचे नाहीत. कलम ४९ मध्ये स्पष्ट आहे की खासगी माणसाने पकडलेल्या व्यक्तीची झडती पोलिसांनी घ्यायची. आपण बॅग उघडली की उद्या त्याचा वकील विचारणार, ‘हा फोन बॅगेत होता की तुम्ही टाकलात?’ आणि हातात आलेला पुरावा आपल्यामुळेच कच्चा होणार.

आणि मारहाण? साधी दुखापत केली तर कलम ११५, एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडलं, दात पडला तर ती गंभीर दुखापत, कलम ११७, सात वर्षांपर्यंत. सगळ्यात धक्का देणारं कलम १२० आहे. ‘बोल, कुठे ठेवलास फोन?’ असं म्हणत, कबुली काढायला किंवा वस्तू परत मिळवायला कुणाला दुखापत केली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. तुलना करून बघा. फोन हिसकावणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. तो फोन परत मिळवायला त्याला बडवणाऱ्याला सात.

‘मी एकच चापट मारली’ हा बचावही तकलादू आहे. पाच किंवा जास्त जण गुन्ह्याच्या समान उद्देशाने जमले की ती बेकायदा जमाव ठरू शकते आणि त्या उद्देशाने केलेल्या कृत्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार असतो. तुमची चापट पहिली होती, पण शेवटची लाथ कुणाची असेल हे तुमच्या हातात राहत नाही.

राईनपाड्यात काय घडलं

ती लाथ कुठवर जाते, हे महाराष्ट्राने बघितलंय. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला तिथे आली होती. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सअपवर फिरत होते. या पाच जणांवर संशय घेतला गेला, मार सुरू झाला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे जमावाने त्यांना ठार मारलं. त्यांनी कुठलंही मूल पळवलेलं नव्हतं.

कलम ४० ची फूटपट्टी इथे लावून बघा. कुणाच्या उपस्थितीत गुन्हा घडला होता? कुणाच्याच नाही. एवढा एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारला असता, ‘तुझ्या डोळ्यांनी काय बघितलंस?’, तर उत्तर आलं नसतं. खोलीत कोंडल्यावर पोलिसांच्या हवाली करणं एवढंच उरलं होतं. कोंडणाऱ्यांनी तसं मनात आणलं असतं, तर फार तर पाच निरपराध माणसांना चुकून अडवल्याची गोष्ट झाली असती आणि ती माणसं संध्याकाळी सुटली असती.

१६ एप्रिल २०२० ला लॉकडाउनमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथेही रात्रीच्या अंधारात, अफवांच्या वातावरणात, जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव घेतला. गाव वेगळं, माणसं वेगळी, क्रम तोच. आधी अफवा, मग अडवणं, मग गर्दी.

संशय कुणावर येतो हेही बघायला हवं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो शिक्का पुसला. कागदावरून तो गेला, पण मनातून गेला का? पारधी समाजातल्या मुलांना विचारा. ज्याचे कपडे मळके, भाषा वेगळी, पत्ता नाही, त्याच्याकडे आपण आधी बघतो. चांगल्या बुटांतला चोर आपल्या शेजारून निघून जातो. ‘उपस्थितीत घडलेला गुन्हा’ ही अट जितकी चोरासाठी आहे, तितकीच आपल्या या नजरेला आवर घालायलाही आहे.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळीवर निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, असे आदेश दिले आणि संसदेने वेगळ्या कायद्याचा विचार करावा असं सुचवलं. आता न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची स्वतंत्र तरतूद आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने तर एका खुनानंतर आपला कायदाच बदलला. तिथे नागरिकाने करायच्या अटकेचा कायदा १८६३ पासून होता. २३ फेब्रुवारी २०२० ला २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण अहमद आर्बेरी रस्त्याने धावत जात होता. चोरीच्या संशयावरून तिघा गोऱ्या माणसांनी गाड्यांतून त्याचा पाठलाग केला आणि त्यातल्या एकाने त्याला गोळी घातली. कोर्टात बचाव काय केला? ‘आम्ही नागरिक म्हणून अटक करत होतो.’ ज्युरीने तो मानला नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही दोषी ठरले. त्याच्या आधीच, मे २०२१ मध्ये, राज्याने तो जुना कायदा रद्द केला होता. आपल्याकडे तो शाबूत आहे. म्हणून तो नीट वापरायची जबाबदारीही आपली आहे.

आणि आपला जीव?

आतापर्यंत पकडल्या गेलेल्याच्या जिवाबद्दल बोललो. पकडणाऱ्याचाही जीव असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत अंधेरीच्या अंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना दोन तरुणांनी हटकलं. छेड काढणारा साथीदार आणि हत्यारं घेऊन परत आला. रस्त्यावर लोक होते, तरीही दोघांना भोसकलं गेलं. एक जण त्याच रात्री गेला, दुसरा काही दिवसांनी. मे २०१६ मध्ये कोर्टाने चौघांना जन्मठेप दिली. त्या दोघांचं काहीच चुकलं नव्हतं. तरीही आपल्यासारख्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यायला हवी: समोरचा निघून गेला म्हणजे प्रसंग संपला असं नसतं. तो परत येऊ शकतो. तेवढ्या वेळात तिथून हलणं आणि पोलिसांना फोन करणं हे पळपुटेपणाचं लक्षण नव्हे.

लोकलचंही तसंच. रुळांच्या बाजूला उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारणारी ‘फटका गँग’ मुंबईकरांना माहीत आहे. फोन खाली पडतो आणि माणूस त्याच्यामागे चालत्या गाडीतून उडी मारतो. फोनची किंमत २० हजार धरा, ४० हजार धरा. चालत्या गाडीतून उतरण्याएवढी ती कधीच नसते. कलम ४० मध्ये ‘अटक करू शकते’ असं लिहिलंय, ‘केलीच पाहिजे’ असं नाही. पोलिसाने आरोपीला पकडायला मदत मागितली तर शक्य ती मदत करणं आपलं कर्तव्य आहे, ते कलम ३१ मध्ये आहे. स्वतःहून धावायचं की नाही, हे मात्र तुम्ही ठरवायचं.

मग नेमकं करायचं काय?

• आधी ११२ ला फोन. रेल्वेत असाल तर १३९. एकाने फोन करायचा, बाकीच्यांनी बाकीचं.

• एकटे असाल आणि समोर हत्यार असेल तर पकडू नका. चेहरा, कपडे, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेला गेला हे लक्षात ठेवा. नंबर लगेच फोनवर टाइप करा, दहा मिनिटांनी तो आठवत नाही.

• पकडायचंच असेल तर स्वतःला विचारा: मी स्वतः बघितलं का? काय बघितलं? उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर थांबा.

• धरल्यावर मोठ्याने सांगा, ‘पोलिस येतायत, कुणीही हात लावू नका.’ गर्दीत पहिला आवाज कुणाचा येतो यावर पुढचं बरंच ठरतं. त्याला भिंतीशी किंवा बाकावर बसवा आणि दोघं-तिघं गर्दीकडे तोंड करून उभे राहा.

• खिसे, बॅग तपासू नका. पडलेली वस्तू असेल तिथेच राहू द्या.

• पकडलेली व्यक्ती स्त्री असेल तर आजूबाजूच्या बायकांनाच पुढे यायला सांगा. लहान मूल असेल तर त्याला दरडावू नका, पोलिसांना तसं आधीच सांगा.

• व्हिडिओ घ्या, पण पुराव्यासाठी. तो पोलिसांना दाखवा, स्टेटसला टाकू नका. मूळ फाइल डिलीट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन महत्त्वाचा ठरू शकतो.

• पकडल्याची वेळ लिहून ठेवा. पोलिसांच्या ताब्यात दिल्याची वेळही.

• ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर त्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. खबर देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते.

गर्दी घरी गेल्यावर

यातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट शेवटी उरते. चोप द्यायला पन्नास जण असतात. पोलिसांची गाडी आली की पाच उरतात. ‘साक्षीदार म्हणून नाव कुणाचं घेऊ?’ असं हवालदाराने विचारलं की ते पाचही घड्याळात बघायला लागतात. लेक्चर आहे, ऑफिस आहे, घरी कळलं तर ओरडतील. मग जिचा फोन गेला ती एकटी पोलिस ठाण्याच्या बाकावर बसते. पुढे केस उभी राहते तेव्हा ‘याला पकडताना मी बघितलं’ असं सांगणारा कुणी नसतो. उलट आरोपीच्या अंगावरच्या जखमांची नोंद मेडिकलच्या कागदावर असते आणि त्याच्या वकिलाला दुसरं काही लागत नाही. आपण दिलेला चोप शेवटी आरोपीच्या कामाला येतो.

पकडणं दोन मिनिटांत होतं. त्यानंतर जबाब द्यायला दोन-तीन तास जातात, पंचनाम्याला थांबावं लागतं. वर्षा-दोन वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं, तेव्हा सुट्टी टाकून जावं लागतं. त्याचं रील होत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण चोराला शिक्षा होते ती त्या जबाबामुळे. पुढच्या वेळी समोर कुणी पकडला गेला आणि तुम्हाला खरंच काही करावंसं वाटलं, तर गर्दीत पुढे घुसू नका. पोलिस येईपर्यंत थांबा आणि ‘माझं नाव लिहा’ असं सांगा.